संगणक सेवेत कायम झाला

महाराष्ट्रातल्या सरकारी कचेरीचा एक अलिखित नियम आहे: जो आत येतो तो कचेरीचा होतो. नवा साहेब येतो तेव्हा तावातावाने येतो. पहिल्या आठवड्यात कपाटांच्या जागा बदलतो, दुसऱ्या आठवड्यात हजेरीपट पावणेदहाच्या ठोक्याला आपल्या टेबलावर मागवतो, तिसऱ्या आठवड्यात कचेरीतला चहा बंद करतो. कर्मचारी हूं की चूं करत नाहीत. त्यांनी असे बरेच पाहिलेले असतात. तीन-चार महिने जातात आणि एके दिवशी अकराच्या सुमाराला आतून बेल वाजते, "अरे, चहा सांगा रे. आणि सगळ्यांनाच सांगा." झालं. साहेब कचेरीचे झाले.

संगणक आला तेव्हा लोकांना वाटलं, आता कचेरी बदलणार. कचेरीला काहीच वाटलं नाही. तिने त्याला बसायला टेबल दिलं, पांघरायला प्लास्टिकचं कव्हर दिलं आणि ती शांतपणे वाट बघत राहिली. आज त्याचं सेवापुस्तक उघडून पाहिलं तर बिचाऱ्याचं काय झालं ते पानोपानी दिसतं.

नेमणुकीपासून सुरुवात करू. जमिनीच्या नोंदी संगणकावर घ्यायची केंद्राची योजना १९८८-८९ साली देशातल्या आठ जिल्ह्यांत प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली. त्या आठांत आपला वर्धा होता. म्हणजे जिथे गांधीजींनी यंत्रापेक्षा माणसाच्या हातावर जास्त भरवसा ठेवला, त्याच जिल्ह्यात तलाठ्याच्या हातावरचा भरवसा काढून यंत्रावर ठेवायचं ठरलं. सरकारात ‘प्रायोगिक तत्त्वावर’ ही फार सोयीची नेमणूक आहे. काम झालं तर प्रयोग यशस्वी, नाही झालं तर अनुभव आला, आणि मध्येच थांबलं तर प्रयोग अजून चालू.

सुरुवातीच्या काळात संगणकाचा थाट जिल्ह्याच्या साहेबांपेक्षा मोठा होता. साहेबांच्या खोलीत पंखा, संगणकाच्या खोलीत एसी. साहेबांकडे चपला घालून जाता यायचं, संगणकाकडे जाताना त्या बाहेर काढाव्या लागत. दसऱ्याला त्याला झेंडूची माळ, हळदकुंकवाची बोटं आणि समोर नारळ. कळफलकात अक्षता गेल्यामुळे एखादं बटण दिवाळीपर्यंत अडकून बसे. एप्रिल-मे महिन्यांत सगळ्या शाखांतल्या कर्मचाऱ्यांना संगणकाविषयी एकाएकी जिज्ञासा वाटू लागे आणि मृगाचा पाऊस पडला की ती ओसरे. तो चालू मात्र क्वचितच असे. मंत्री यायचे असले की कव्हर निघायचं, पडद्यावर गुलाबाचं चित्र लागायचं, "सगळं संगणकीकृत आहे साहेब" असं सांगून व्हायचं, आणि गाड्यांचा ताफा फाटकाबाहेर पडायच्या आत कव्हर पुन्हा चढायचं.

नोकर म्हटला की परीक्षा आलीच. पण इथे गंमत अशी झाली की नोकरीला लागला संगणक आणि परीक्षा द्यावी लागली बाकीच्यांना. राज्यात २००१ साली एमकेसीएल स्थापन झालं, पाठोपाठ एमएस-सीआयटी आली, आणि ती पास झाल्याचं प्रमाणपत्र नसेल तर वेतनवाढ अडकू लागली. तालुक्यातला कुळकायदा तोंडपाठ असलेला अव्वल कारकून पन्नाशीत दहावी झालेल्या पोरांशेजारी बाकावर बसला. अनेक घरांत त्या वर्षी बाप आणि मुलगी एकाच बॅचला होती. निकालाच्या दिवशी मुलगी दारात उभी राहून विचारायची, "बाबा, किती पडले?" आणि बाबा चप्पल काढता काढता म्हणायचे, "पेपर अवघड होता."

मग संगणकाला मराठी शिकवायची वेळ आली. ती एकाच संस्थेने शिकवली असती तर बरं झालं असतं. पण प्रत्येक कार्यालयाने आपल्या सोयीचा फाँट घेतला. कुठे श्रीलिपी, कुठे कृतीदेव, कुठे सुरेख, कुठे योगेश. युनिकोड सगळीकडे रुजेपर्यंत अशी अवस्था होती की एका कार्यालयातून ‘अत्यंत तातडीचे’ म्हणून निघालेलं पत्र दुसऱ्या कार्यालयात उघडलं की पडद्यावर रोमन अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं आणि मध्येच एखादा एकटा काना. ते कोणालाही वाचता आलं नाही, पण काम अडलं नाही. ‘आपले पत्र प्राप्त झाले. पत्रातील सूचनांनुसार कार्यवाही करण्यात येत आहे’ असं उत्तर लगोलग गेलं. तेही तिकडे तसंच उघडलं. दोन्ही कार्यालयांनी आपापल्या फायली समाधानाने बंद केल्या.

परीक्षा आणि भाषा झाली. पण नोकर खरा कायम होतो तो कचेरीच्या रीतीभाती अंगवळणी पडल्यावर. त्यातली पहिली रीत म्हणजे जागेवर नसणं. पूर्वी कामाला गेलं की उत्तरं ठरलेली असत: साहेब दौऱ्यावर आहेत, साहेब मीटिंगला गेलेत, क्लार्क रजेवर आहे आणि कपाटाची चावी त्याच्याकडे आहे. यातल्या प्रत्येक उत्तरात धोका होता. साहेब दौऱ्यावर म्हणावं तर त्यांची जीप दारात उभी असायची. आता या सगळ्यांऐवजी एकच राज्यव्यापी उत्तर आहे: सर्व्हर डाऊन. याच्यापुढे बोलणंच खुंटतं. सर्व्हर हा असा वरिष्ठ आहे की त्याला कोणी पाहिलेलं नाही, त्याची बदली होत नाही, त्याच्या गावचा माणूस गाठून वशिला लावता येत नाही, आणि त्याच्याविरुद्ध तक्रार करायची सोय त्याच्याच पोर्टलवर आहे. प्रवेशाच्या हंगामात आणि अर्जाच्या शेवटच्या तारखेला तो हमखास नसतो. मग सरकारला मुदत वाढवून द्यावी लागते. मुदत वाढणारच हे लोकांना ठाऊक असतं, म्हणून ते शेवटच्या दिवसापर्यंत थांबतात. सगळे थांबतात म्हणून शेवटच्या दिवशी एकदम येतात. एकदम येतात म्हणून सर्व्हर बसतो. आणि तो बसतो म्हणून मुदत वाढते. सरकार आणि जनता यांच्यात इतका एकोपा दुसऱ्या कुठल्याच बाबतीत दिसत नाही.

या वरिष्ठाच्या लहरीवर ज्यांचा संसार अवलंबून राहिला ते म्हणजे तलाठी. त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असं २०२४ साली ठरलं आहे, पण गाव त्यांना भाऊसाहेब म्हणतं आणि म्हणत राहील. ई-फेरफार सुरू झाला तेव्हा दिवसा राज्यातले सगळे भाऊसाहेब एकाच वेळी सर्व्हरच्या दारात उभे असत, म्हणून काम व्हायचं ते मध्यरात्रीनंतर. गावात रात्री दोन वाजता दोनच ठिकाणी हालचाल असायची. एक मळ्यात, कारण शेतीपंपाची लाईट रात्रपाळीची. आणि दुसरी भाऊसाहेबांच्या भाड्याच्या खोलीत, कारण सर्व्हर रात्रपाळीचा. शेतकरी दारं मोडत असायचा आणि भाऊसाहेब फेरफार ओढत असायचे. शेतकऱ्यासाठी राबणारं प्रशासन यापेक्षा शब्दशः कुठे मिळणार?

भाऊसाहेबांची सहीसुद्धा बदलली. पूर्वी ती हातात असायची, आता बोटभर पेनड्राइव्हसारख्या वस्तूत असते. डीएससी म्हणतात तिला. तिने आंदोलनांचीही सोय केली. पूर्वी लेखणीबंद करावं लागे, आणि लेखणी बंद आहे हे लांबून कळत नसे. आता निषेध करायचा झाला की तलाठी आपापल्या डीएससी तहसीलदारांकडे जमा करतात. तालुक्यातल्या सगळ्या सह्या एका प्लास्टिकच्या पिशवीत गोळा होतात. उद्या कोणी विचारलं की सह्या कुठे आहेत, तर कपाट दाखवता येतं.

या सगळ्या खटाटोपाच्या मध्यभागी आहे तो सातबारा. महसूल खात्यात एकवीस गाव नमुने आहेत, पण मराठी माणसाचा जीव सात आणि बारा या दोनांतच अडकलेला. सात सांगतो जमीन कोणाची, बारा सांगतो तीत काय पिकलं. हाताने लिहायच्या काळात भाऊसाहेबांचं अक्षर भाऊसाहेबांनाच लागायचं, आणि त्यात गावाची एक शांतता होती. संगणकावर चढवताना ते दुसऱ्याच कोणीतरी वाचलं आणि कोंडीबाचा कोंबडीबा झाला. दुरुस्तीसाठी गावोगाव चावडीवाचन झालं, एडिट झालं, रीएडिट झालं. तरीही जे राहिलं त्यावर सल्ला एकच: "१५५ खाली अर्ज टाका." जमीन महसूल संहितेचं कलम १५५ हे लेखनातल्या चुका दुरुस्त करण्यासाठी आहे. कोंडीबाने अर्ज टाकला. कार्यालय म्हणालं, तुम्ही कोंडीबा असल्याचा पुरावा द्या. त्याने आधार कार्ड दिलं, त्यावर कोंडीराम. रेशन कार्ड दिलं. त्यावर नुसताच कोंडी. शेवटी वकिलाने प्रतिज्ञापत्र करून दिलं की कोंडीबा, कोंडीराम, कोंडी व कोंबडीबा ही एकाच इसमाची नावे असून तो इसम मीच आहे. चूक एका नावाची होती; ती दुरुस्त होईपर्यंत सरकारदरबारी चारही रुजू झाली. गावाने पाचवं ठेवलं, ते छापता येणार नाही.

१ मे २०१८ ला, महाराष्ट्रदिनी, डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला. पंधरा रुपये भरा, घरबसल्या उतारा काढा. खाली स्वच्छ छापलेलं की हा डिजिटल स्वाक्षरीचा असल्याने यावर सही-शिक्क्याची आवश्यकता नाही. माझे चुलते, अण्णा, तो घेऊन मोठ्या रुबाबात एका बँकेत गेले. पीककर्जाच्या टेबलावरच्या साहेबांनी तो उलटापालटा केला.

"अण्णा, यावर सही-शिक्का कुठाय?"

"खाली वाचा की. लागत नाही म्हणून लिहिलंय."

"ते वाचलं हो. पण त्या लिहिलेल्याखाली कोणाची सही नाही ना."

अण्णा उतारा घेऊन भाऊसाहेबांकडे गेले. भाऊसाहेब म्हणाले, "अण्णा, यावर मी सही केली तर मलाच नोटीस निघेल. डिजिटलवर हाताची सही चालत नाही." अण्णा परत बँकेत, बँकेतून पुन्हा भाऊसाहेबांकडे. बांधावरून घर आणि घरून बांध असं चालायची सवय असल्यामुळे त्यांना त्याचं विशेष वाटलं नाही, पण पेरणी तोंडावर आली होती. अखेर भाऊसाहेबांनी एक कोरा कागद ओढला, त्यावर लिहिलं, ‘सोबतच्या उताऱ्यावर सहीची आवश्यकता नाही’, त्याखाली ठळक सही केली आणि गोल शिक्का मारला. बँकेचं समाधान झालं. कर्ज मंजूर झालं ते त्या कागदावर. सातबारा सोबत जोडला होता इतकंच.

अशा डिजिटल सहीची पीडीएफ आपल्या संगणकावर उघडली की तिच्यावर बऱ्याचदा एक मोठं पिवळं प्रश्नचिन्ह येतं. म्हणजे सरकारने सही केलेली असते आणि यंत्र विचारत असतं, नक्की का? जाणकार माणूस माउसचं उजवं बटण दाबून सही पडताळतो, मग तिथे हिरवी बरोबरची खूण उमटते. अजाण माणूस प्रश्नचिन्हासकट प्रिंट काढतो. माझ्या मते तोच दस्तऐवज जास्त प्रामाणिक.

मंत्रालयात आणि कलेक्टर कचेरीत आता ई-ऑफिस आहे. एनआयसीची ही प्रणाली. तिच्यात टिप्पणी आधी पिवळ्या पानावर लिहायची आणि पक्की झाली की ती हिरव्या पानावर जाते. हिरवंच का? तर कागदी फाईलीत टिप्पणीचं पान हिरवं असायचं म्हणून. संगणकाला लाखो रंग दाखवता येतात, पण नोकरी सरकारी म्हटल्यावर गणवेशही सरकारी. कागदी फाईल दाबून ठेवायला तिच्यावर दुसरी फाईल ठेवावी लागे. ई-फाईलीवर काही ठेवता येत नाही, शिवाय ती कोणाकडे किती वाजून किती मिनिटांनी आली तेही दिसतं. अनुभवी मंडळी डगमगली नाहीत. त्यांनी जुनंच अस्त्र बाहेर काढलं. फाईलीवर दोन शब्द लिहायचे, ‘चर्चा करावी’, आणि ती आली त्याच मिनिटाला खाली परत पाठवायची. त्यामुळे आज कोणाकडेही एकही फाईल प्रलंबित नाही. सगळ्या फायली चर्चेला गेल्या आहेत.

काही साहेबांना पडद्यावर वाचवत नाही. त्यांच्यासाठी ई-फाईलीची प्रिंट निघते. शिपाई ती आत नेतो. साहेब पेन्सिलीने दुरुस्त्या करतात. शिपाई ती बाहेर आणतो. स्वीय सहायक दुरुस्त्या पुन्हा संगणकात चढवतात आणि प्रिंट तुकडे तुकडे करून टाकतात, कारण कार्यालय कागदविरहित आहे. शिपायाच्या फेऱ्या पूर्वी दोन होत्या, आता प्रिंटरकडची धरून तीन झाल्या.

एवढं झालं आतलं. बाहेर, खिडकीच्या या बाजूला आपण. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने आपल्याला दाखले ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा हक्क दिला. उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंडाची तरतूद केली. कायदा चांगला आहे. म्हणून मुदतीच्या अगदी शेवटच्या दिवशी संध्याकाळी आपल्याला निरोप येतो: त्रुटी. कागदपत्र अस्पष्ट आहे. आता ते स्पष्ट कसं करायचं? आपले सरकार पोर्टलवर कागदपत्र ७५ केबीपेक्षा लहान चालत नाही आणि ५०० केबीपेक्षा मोठं चालत नाही. फोटो तर २० केबीच्या आत हवा. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांचा फोटो इतक्या वेळा आकसून घेतला गेला की शेवटी जो दाखला मिळाला त्यावर ते स्वतःपेक्षा त्यांच्या मोठ्या भावासारखे दिसतात. भावाला तो दाखला हवाच होता.

मग ओटीपी. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० ला आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला, तेव्हा या बारा आकड्यांच्या मागून सहा आकडे येणार आहेत हे कोणालाच ठाऊक नव्हतं. गावातल्या म्हाताऱ्याचा आधार जोडलेला असतो पुण्यात कंपनीत असलेल्या मुलाच्या मोबाइलला. मुलगा शिफ्टमध्ये. "बाळा, नंबर आला का रे?" "आला नाही बाबा." "आता?" "आला, घ्या, चार सात..." "थांब, चष्मा घेतो." चष्मा सापडेपर्यंत मुदत संपते आणि सगळं पहिल्यापासून. दुरावलेल्या कित्येक कुटुंबांत आज बोलणं आहे ते या सहा आकड्यांमुळे. दोन भावांचा वाटणीवरून दावा चालू आहे, पण वडिलांचा नंबर धाकट्याच्या फोनवर असल्यामुळे थोरला त्याला महिन्यातून एकदा अहो-जाहो करतो.

१५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. आपल्या पिकाची नोंद शेतकऱ्यानेच मोबाइलवर करायची. कल्पना उत्तम, भाऊसाहेब झाडाखाली बसून अख्ख्या शिवारात ज्वारी पेरून टाकायचे, ते थांबलं. पण फोटो काढायला शेतात उभं राहावं लागतं आणि शेत कुठे आहे हे ठरवतं ॲप. चार पिढ्या ज्या वावरात नांगर धरला, तिथे मधोमध उभ्या असलेल्या शेतकऱ्याला ॲप सांगतं की आपण निवडलेल्या गटापासून दूर आहात. तो दोन पावलं पुढे जातो, चार मागे येतो, हात उंच करतो. बांधावर उभा असलेला शेजारी हे सगळं पाहत असतो. तो जवळ येतो, मदत करतो म्हणून फोन मागून घेतो, आणि त्या संदेशाचा स्क्रीनशॉट स्वतःला पाठवून ठेवतो. पुढेमागे दिवाणी दाव्यात उपयोगी पडेल.

ऑनलाइन व्यवहारामुळे मध्यस्थ जाणार असं सांगितलं गेलं होतं. पूर्वी तहसील कचेरीबाहेर लिंबाखाली पेटीवर कागद ठेवून अर्ज लिहून देणारा बसायचा, तो गेला हे खरं. त्याचा मुलगा समोरच्या गाळ्यात बसतो. वर पाटी: ‘येथे सर्व प्रकारची ऑनलाइन कामे केली जातील. झेरॉक्स, लॅमिनेशन, रिचार्ज, लग्नपत्रिका.’ त्याच्या टेबलावर दोनशे पानी वही असते. तीत सबंध पंचक्रोशीचे पासवर्ड शाईने लिहिलेले असतात, आडनावाच्या अनुक्रमाने. राज्याची विदासुरक्षा शेवटी त्या वहीच्या पुठ्ठ्यावर उभी आहे. कोणत्या खात्याची साईट किती वाजता हलकी असते, कोणत्या अर्जाला मधलं नाव टाकायचं आणि कोणत्याला टाकायचं नाही, कुठे बोट उमटत नसेल तर लिंबू चोळायचं, हे ज्ञान त्याच्याकडे आहे आणि ते कुठल्याही शासन निर्णयात नाही. "काका, रात्री नऊनंतर या, निवांत करू" असं आपुलकीने बोलणारा शासनाचा प्रतिनिधी जनतेला पहिल्यांदाच भेटला आहे. फक्त तो शासनात नाही.

सेवापुस्तकाच्या शेवटी निवृत्तीचं पान असतं. पेन्शनरांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी बँकेत जाऊन समोर उभं राहिलं की पुरे. साहेब चष्म्यावरून बघायचे, "बसा गुरुजी, चहा घेणार?" म्हणायचे आणि माणूस जिवंत आहे अशी नोंद व्हायची. नोव्हेंबर २०१४ मध्ये जीवन प्रमाण आलं. आता बोटाचा ठसा जुळला की आपण जिवंत. पण ज्याने तीस-पस्तीस वर्षं खडू धरला त्याच्या बोटावर रेषा कुठून राहणार? म्हणून पुढे चेहऱ्यावरून ओळखायची सोय झाली. मोबाइलसमोर चेहरा धरायचा आणि पापण्या मिटून उघडायच्या, म्हणजे हा फोटो नसून माणूस आहे हे यंत्राला पटतं. ज्यांच्या नुसत्या नजरेने वर्ग गार पडायचा असे एक निवृत्त मुख्याध्यापक आमच्या आळीत आहेत. ते दर नोव्हेंबरात ओसरीवर खुर्ची टाकून नातवाच्या फोनकडे बघत पापण्यांची उघडझाप करतात. नातू म्हणतो, "आजोबा, अजून एकदा. त्याला पटलं नाही." ऐंशीव्या वर्षी सरकारला डोळा मारल्याशिवाय जगण्याची परवानगी मिळत नाही, ही वेळ त्यांच्यावर येईल असं त्यांच्या एकाही विद्यार्थ्याला वाटलं नव्हतं.

आता हसून झाल्यावर खरं तेही सांगितलं पाहिजे. सातबाऱ्याच्या नकलेसाठी जे हेलपाटे आणि जी चिरीमिरी होती, ती पंधरा रुपयांनी बरीच मारली. दुबईत नोकरी करणारा आमच्याकडचा एक मुलगा रात्री झोपण्यापूर्वी गावच्या जमिनीचा उतारा उघडतो, थोरल्या भावाने काही फेरफार टाकला नाही याची खात्री करतो आणि मग निर्धास्त झोपतो. शिष्यवृत्ती पोरीच्या खात्यात थेट पडते; मधल्या कोणाला ती मोजून द्यावी लागत नाही. हे काम लहान नाही. ज्या भाऊसाहेबांनी रात्री जागून ते केलं त्यांच्याबद्दल सातबाऱ्यावर कुठेच नोंद नाही, म्हणून इथे केली.

अडलं आहे ते दुसरीकडेच. उत्पन्नाचा दाखला घ्या. माझं उत्पन्न किती, हे मी स्वयंघोषणापत्रात लिहून सांगतो. तलाठी मला विचारून चौकशी अहवाल देतात. अहवालावरून तहसीलदार दाखला देतात. तो दाखला मी स्कॅन करून, ठरलेल्या केबीत बसवून, सरकारच्याच दुसऱ्या खात्याच्या पोर्टलवर चढवतो. म्हणजे मी सरकारला सांगितलेली गोष्ट सरकार मला लिहून देतं, ती मी सरकारला दाखवतो, आणि सरकार म्हणतं, मूळ प्रत घेऊन या. जातीचा दाखला, रहिवासी दाखला, रेशन कार्ड, आधार, सगळे सरकारचेच कागद; आणि सरकारकडे ते नेऊन द्यायचे मी. एका खात्याचा दुसऱ्यावर विश्वास नाही आणि दोघांचा मिळून माझ्यावर नाही. २०१५ साली स्वयंसाक्षांकन आलं, प्रतिज्ञापत्रांची कटकट कमी झाली. तरी खिडकीवर "साहेब, असू द्या सोबत" म्हणून लोक स्टॅम्पपेपर घेऊनच येतात, आणि खिडकीही तो परत करत नाही. कागद संगणकात गेला, तेव्हा त्याला टोचलेला संशय टाचणीसकट आत गेला.

आता कचेरीत कृत्रिम बुद्धिमत्ता येणार अशी कुणकुण आहे. एका तालुक्याच्या गावी त्यासाठी नवं यंत्र मंजूर झालं. ते ठेवायला टेबल हवं होतं आणि टेबलावर कचेरीचा पहिला संगणक होता. तो बंद पडून बरीच वर्षं झाली, पण सरकारी वस्तू बंद पडली म्हणून कोणाला हलवता येत नाही. तिचं रीतसर निर्लेखन व्हावं लागतं. डेडस्टॉक रजिस्टर निघालं. समिती बसली. सदर संगणक दुरुस्तीपलीकडे असल्याची समक्ष खात्री केली, असा अहवाल झाला. प्रस्ताव ऑनलाइन गेला आणि त्रुटी लागून परत आला: मूळ खरेदीचे देयक जोडलेले नाही.

दोन दिवस कपाटं उपसली. मग जुन्या कारकुनाला आठवलं. कागदविरहित कार्यालयाची मोहीम आली होती तेव्हा सगळी देयकं एकेक करून स्कॅन केली, नीट जपून ठेवली आणि मूळ कागद रद्दीत दिले.

"मग काढा की ती. कुठे ठेवलीत?"

कारकुनाने टेबलाकडे बोट दाखवलं. "याच्यातच आहेत की, साहेब."

प्रस्तावावर सध्या ‘चर्चा करावी’ असा शेरा आहे.